बहु-डोमेन सुरक्षा प्रमाणपत्र

बहु-डोमेन सुरक्षा प्रमाणपत्र म्हणजे एकाहून अधिक डोमेन नावांची ओळख एकाच सार्वजनिक किल्लीशी जोडणारे डिजिटल प्रमाणपत्र होय. संकेतस्थळ आणि वाचकाचा ब्राउझर यांच्यातील टीएलएस या सुरक्षित संपर्कपद्धतीत अशी प्रमाणपत्रे वापरली जातात. एकाच संस्थेची अनेक डोमेन किंवा उपडोमेन असतील, तर प्रत्येकासाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे, सर्वांची नावे एकाच प्रमाणपत्रात लिहावीत, की तारांकित नावाचे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्यावे, असे तीन मुख्य पर्याय उपलब्ध असतात. हा निर्णय वरकरणी किमतीचा व सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात कोणकोणती नावे एका किल्लीच्या भरवशावर ठेवायची, हे त्यातून ठरते. एका प्रमाणपत्रातील सर्व नावे एकत्र सुरक्षित राहतात आणि काही बिघडल्यास एकत्रच बंद पडतात.

या लेखातील रोमन लिपीतील संकेतस्थळांचे पत्ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

पार्श्वभूमी

सुरक्षित संपर्क सुरू होताना सर्व्हर आपले प्रमाणपत्र ब्राउझरला सादर करतो. त्यात डोमेन नावे, सार्वजनिक किल्ली, वैधतेचा कालावधी आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. सार्वजनिक किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली सर्व्हरवर गुप्त ठेवली जाते. ब्राउझर प्रामुख्याने तीन गोष्टी तपासतो : स्वाक्षरी विश्वासार्ह प्रमाणन संस्थेची आहे का, मुदत शिल्लक आहे का, आणि वाचकाने उघडलेले नाव प्रमाणपत्रात लिहिलेले आहे का. यांपैकी एकही अट पुरी न झाल्यास संकेतस्थळाऐवजी इशारा दिसतो.

तिसरी तपासणी अक्षरशः होते. दोन डोमेन एकाच संस्थेच्या मालकीची आहेत, एकाच सर्व्हरवर आहेत किंवा एकच मजकूर दाखवतात, याच्याशी ब्राउझरला कर्तव्य नसते. आरंभी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेले आणि नसलेले नाव ही त्याच्या दृष्टीने दोन वेगळी नावे असतात.

इतिहास

डिजिटल प्रमाणपत्रांचे एक्स.५०९ हे मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल ही संपर्कपद्धती वापरात आणली. १९९९ मध्ये तिची जागा टीएलएसने घेतली. जुने नाव मात्र टिकून राहिल्यामुळे या प्रमाणपत्रांना आजही बोलण्यात 'एसएसएल सर्टिफिकेट' म्हटले जाते.

आरंभीच्या प्रमाणपत्रांत डोमेनचे नाव 'कॉमन नेम' या एकाच रकान्यात लिहिले जाई. एक्स.५०९ च्या तिसऱ्या आवृत्तीत पर्यायी नावांचा विस्तारित रकाना आला आणि एका प्रमाणपत्रात अनेक नावे लिहिण्याची सोय झाली. मे २००० मधील आरएफसी २८१८ या दस्तऐवजाने पर्यायी नावांचा रकाना उपलब्ध असल्यास तोच प्रमाण मानावा, असे सांगितले. तरीही जुनी पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. २०१७ मध्ये क्रोम ब्राउझरच्या ५८ व्या आवृत्तीने 'कॉमन नेम' पाहणे पूर्णपणे थांबवले. तेव्हापासून पर्यायी नावांच्या यादीत नसलेले नाव क्रोमच्या दृष्टीने प्रमाणपत्रातच नसते.

बहु-डोमेन प्रमाणपत्रांच्या प्रसारामागे आयपी पत्त्यांची टंचाई हे एक महत्त्वाचे कारण होते. प्रमाणपत्र सादर करण्याच्या वेळी वाचकाला कोणते डोमेन हवे आहे हे सर्व्हरला कळत नसल्याने, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी पत्ता लागे. अनेक नावे असलेले एकच प्रमाणपत्र हा त्यावरचा उपाय ठरला. जून २००३ मध्ये एसएनआय ही सुविधा मानकात समाविष्ट झाली. तिच्यामुळे ब्राउझर संपर्काच्या आरंभीच हवे असलेले नाव सांगू लागला. मात्र विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय समजत नसल्यामुळे, ती प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात असेपर्यंत एकत्रित प्रमाणपत्रांची गरज कायम राहिली. आज एका आयपी पत्त्यावर अनेक स्वतंत्र प्रमाणपत्रे सहज नांदतात. त्यामुळे नावे एकत्र करणे ही आता तांत्रिक सक्ती राहिलेली नाही.

'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा प्रमाणन संस्थेची विनामूल्य सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मार्च २०१८ पासून ती वाइल्डकार्ड प्रमाणपत्रेही देऊ लागली. जुलै २०१८ मध्ये क्रोमने प्रमाणपत्र नसलेल्या सर्व संकेतस्थळांसमोर 'असुरक्षित' असा शेरा दाखवण्यास आरंभ केला. परिणामी लहान संस्थांनाही आपल्या प्रत्येक डोमेनचा विचार करणे भाग पडले.

प्रकार

एकल प्रमाणपत्र : हे एका डोमेनसाठी असते. बहुतेक प्रमाणन संस्था त्यात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याविना अशी दोन्ही नावे देतात. तथापि हे गृहीत न धरता यादीत पाहून घेणे आवश्यक असते.

बहु-डोमेन प्रमाणपत्र : यात परस्परांशी संबंध नसलेली नावेही एकत्र येऊ शकतात. 'इन', 'कॉम', 'ओआरजी' आणि 'भारत' यांनी संपणारी नावे एकाच यादीत चालतात. लेट्स एन्क्रिप्टच्या सर्वसाधारण प्रमाणपत्रात १०० पर्यंत नावे बसतात. व्यावसायिक प्रमाणन संस्था साधारणतः प्रत्येक वाढीव नावासाठी शुल्क आकारतात. यादीत नाव वाढवायचे किंवा कमी करायचे झाल्यास संपूर्ण प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते.

वाइल्डकार्ड प्रमाणपत्र : यात डोमेनच्या आधी तारांकन असते आणि त्या जागी कोणतेही एक उपनाम चालते. पुढे निर्माण होणारी उपडोमेनही त्यात आपोआप समाविष्ट होतात. तारांकनाची पोहोच मात्र एकाच पातळीपुरती असते. '*.उदाहरण.इन' या प्रमाणपत्रात 'दान.उदाहरण.इन' बसते, 'चाचणी.दान.उदाहरण.इन' बसत नाही. मूळ 'उदाहरण.इन' हे नावदेखील वेगळे लिहावे लागते.

संमिश्र प्रमाणपत्र : पर्यायी नावांच्या यादीत साधी नावे आणि तारांकित नावे दोन्ही ठेवता येतात. अनेक डोमेन व प्रत्येकाची अनेक उपडोमेन असल्यास हा प्रकार वापरला जातो.

पडताळणीचे स्तर

प्रमाणपत्रात किती नावे आहेत हा एक प्रश्न आणि अर्जदाराची किती चौकशी झाली हा दुसरा. डोमेन-पडताळणीत अर्जदाराचा डोमेनवर ताबा आहे एवढेच पाहिले जाते. संस्था-पडताळणीत संस्थेचे कायदेशीर अस्तित्वही तपासले जाते. विस्तारित पडताळणीत ही चौकशी अधिक काटेकोर असते आणि त्या स्तरावर वाइल्डकार्ड प्रमाणपत्र देण्यास परवानगी नाही. २०१९ मध्ये क्रोम व फायरफॉक्स यांनी विस्तारित पडताळणीची ठळक खूण पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकली. सामान्य वाचकाला आता हा फरक सहज दिसत नाही, आणि तिन्ही स्तरांवरील कूटबद्धीकरणाच्या बळात काहीच फरक नसतो.

बहु-डोमेन प्रमाणपत्रात प्रत्येक नावाचा ताबा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. त्यासाठी सर्व्हरवर ठरावीक धारिका ठेवणे किंवा डीएनएसमध्ये ठरावीक नोंद करणे या प्रचलित पद्धती आहेत. १ डिसेंबर २०२१ पासून वाइल्डकार्डसाठी धारिकेची पद्धत ग्राह्य धरली जात नाही. म्हणून ज्या संस्थेच्या डीएनएस नोंदी दुसऱ्याच कोणाच्या हाती आहेत, तिला वाइल्डकार्डचे स्वयंचलित नूतनीकरण अवघड जाते.

निवडीचे निकष

नावांची पूर्ण यादी. निवडीपूर्वी संस्थेच्या सर्व डोमेन व उपडोमेनांची यादी करणे ही पहिली पायरी असते. तिच्यातून सर्वाधिक वेळा सुटते ते जुने डोमेन. जुना पत्ता उघडणाऱ्यास नव्या पत्त्याकडे पाठवले जाते, म्हणून जुन्याला प्रमाणपत्र नको, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. सुरक्षित संपर्क आधी प्रस्थापित होतो आणि नव्या पत्त्याचा निरोप त्यानंतर मिळतो. जुन्या नावाचे प्रमाणपत्र नसेल, तर वाचकाला वाटेतच इशारा दिसतो. एचएसटीएस या व्यवस्थेद्वारे सर्व उपडोमेनांना सुरक्षित संपर्काची सक्ती केलेली असेल, तर यादीतून सुटलेले उपडोमेन वाचकाला इशारा ओलांडूनही उघडता येत नाही.

किल्लीची वाटणी. एकच प्रमाणपत्र अनेक सर्व्हरांवर वापरायचे झाल्यास खासगी किल्लीच्या प्रतीही तितक्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. त्यांतील सर्वांत दुर्लक्षित सर्व्हरची सुरक्षितता हीच मग साऱ्या नावांची सुरक्षितता ठरते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' या दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील खासगी किल्लीही बाहेर काढता येत होती. अशा प्रसंगी स्वतंत्र किल्ल्या असतील तर हानी एका नावापुरती राहते. वाइल्डकार्डची किल्ली गेल्यास त्या डोमेनखालील कोणत्याही नावाची बतावणी करता येते, अस्तित्वात नसलेल्या उपडोमेनाचीसुद्धा.

सामाईक भवितव्य. प्रमाणपत्र रद्द होते ते संपूर्ण. त्यातील एखादेच नाव रद्द करता येत नाही. २९ फेब्रुवारी २०२० रोजी लेट्स एन्क्रिप्टला आपल्या प्रणालीत एक दोष सापडला. डोमेनधारकाने कोणत्या प्रमाणन संस्थांना अनुमती दिली आहे हे सांगणारी सीएए नावाची डीएनएस नोंद असते. अनेक नावांच्या अर्जात ती पुन्हा तपासताना प्रत्येक नाव एकेकदा पाहण्याऐवजी एकच नाव पुन:पुन्हा पाहिले जात होते. सुमारे ३० लाख प्रमाणपत्रे या दोषाच्या कक्षेत आली. ती ४ मार्चपर्यंत रद्द करण्याचे आधी जाहीर झाले; पुढे १७ लाखांहून अधिक बदलली गेल्यावर, उरलेली सर्व एकदम रद्द केल्यास असंख्य संकेतस्थळे खंडित होतील म्हणून तो बेत मर्यादित करण्यात आला.

गोपनीयता. पर्यायी नावांची यादी कोणालाही वाचता येते. २०१८ पासून क्रोमने नव्या प्रमाणपत्रांची सार्वजनिक पारदर्शकता नोंदवहीत नोंद असणे आवश्यक केले आहे. त्यामुळे अद्याप जाहीर न झालेल्या उपक्रमाचे किंवा अंतर्गत कामाच्या सर्व्हरचे नाव यादीत घातल्यास ते उघड होते. या बाबतीत वाइल्डकार्ड सोयीचे ठरते, कारण त्यात उपनामे लिहिलेली नसतात.

मुदत व नूतनीकरण. प्रमाणन संस्था व ब्राउझर निर्मात्यांच्या 'सीए-ब्राउझर फोरम' या संघटनेने प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी केली आहे. १ मार्च २०१८ पासून ती ८२५ दिवस झाली. १ सप्टेंबर २०२० पासून ब्राउझरांनी ३९८ दिवसांची मर्यादा लागू केली. एप्रिल २०२५ मधील ठरावानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी मुदत निश्चित करण्यात आली. वर्षातून एकदा हाताने नूतनीकरण करण्याची रीत त्यामुळे संपुष्टात येते. 'एक प्रमाणपत्र सांभाळणे सोपे' हा बहु-डोमेन प्रमाणपत्राच्या बाजूचा जुना युक्तिवादही त्याबरोबर दुर्बळ होतो, कारण स्वयंचलित व्यवस्थेला एक प्रमाणपत्र आणि दहा प्रमाणपत्रे यांत फारसा भेद नसतो. उलट, यादीतील एखादे डोमेन संस्थेच्या हातून गेले असेल, तर एका नावाच्या अपयशी पडताळणीमुळे साऱ्या यादीचे नूतनीकरण अडू शकते.

देवनागरी डोमेन

'.भारत' हे देवनागरी उच्चस्तरीय डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी इत्यादी भाषांसाठी ते उपलब्ध आहे. डीएनएस व्यवस्थेला मात्र मर्यादित रोमन अक्षरे, अंक व जोडरेषा एवढेच समजते. म्हणून देवनागरी नावाचे 'प्युनीकोड' पद्धतीने रोमन रूपांतर केले जाते. अशा रूपाच्या आरंभी 'एक्सएन' ही अक्षरे व दोन जोडरेषा असतात. प्रमाणपत्राच्या यादीत देवनागरी नाव याच रूपात लिहिले जाते.

मराठी नावांच्या संदर्भात त्यामुळे काही विशेष अडचणी उद्भवतात. वाचकाच्या दृष्टीने एकच असलेले नाव दोन प्रकारे लिहिले जात असेल, तर प्युनीकोडमध्ये ती दोन वेगळी डोमेन होतात. हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव या गावाचे नाव 'नरसी' आणि 'नर्सी' असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. दोन्ही लेखनांतून वाचक यावेत अशी इच्छा असल्यास दोन्ही नावे नोंदवावी लागतात आणि दोन्ही प्रमाणपत्रात घालावी लागतात. 'वारकऱ्यांचे' या शब्दातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो : ऱ या स्वतंत्र वर्णाने, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. २००३ च्या आंतरराष्ट्रीय डोमेन नियमांत हे जोडचिन्ह गाळले जाई. २००८ च्या नियमांत ते विशिष्ट संदर्भात ग्राह्य धरले आहे. म्हणून अशा अक्षरांची नावे टाळणे, किंवा नोंदणीत मंजूर झालेले नेमके रूपच प्रमाणपत्रासाठी वापरणे श्रेयस्कर ठरते.

भारत व महाराष्ट्रातील स्थिती

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये भारतात प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक हे पद निर्माण झाले. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेकडून गूगलच्या काही डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. नियंत्रकांनी त्या यंत्रणेची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. त्यानंतर क्रोमने भारतीय नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास 'गव्ह.इन', 'एनआयसी.इन', 'एसी.इन' आणि अशा मोजक्याच डोमेनांपुरता मर्यादित केला. फायरफॉक्सच्या यादीत हे मूळ प्रमाणपत्र नसल्यामुळे तो ब्राउझर या प्रकारापासून अलिप्त राहिला. डोमेनधारकाने सीएए नोंद करून ठेवावी, या सल्ल्याचे महत्त्व अशा घटनांतून स्पष्ट होते. सप्टेंबर २०१७ पासून प्रमाणपत्र देण्यापूर्वी ही नोंद तपासणे सर्व प्रमाणन संस्थांना बंधनकारक आहे.

शासकीय सेवांचे पत्ते तारांकनाची मर्यादा समजण्यास उपयुक्त आहेत. सातबारा उतारा पाहण्याचे 'भूलेख.महाभूमी.गव्ह.इन' आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा देणारे 'डिजिटलसातबारा.महाभूमी.गव्ह.इन' ही दोन्ही नावे '*.महाभूमी.गव्ह.इन' या एका तारांकित नावात बसू शकतात. शासकीय योजनांचे 'महाडीबीटी.महाराष्ट्र.गव्ह.इन' हे नाव त्यात बसत नाही, त्यासाठी 'महाराष्ट्र.गव्ह.इन'चे तारांकन लागेल. या सर्वांना पोटात घेणारे '*.गव्ह.इन' हे प्रमाणपत्र मिळू शकत नाही, कारण 'गव्ह.इन', 'को.इन', 'ओआरजी.इन' यांसारखे सार्वजनिक प्रत्यय अनेक स्वतंत्र धारकांमध्ये विभागलेले असतात.

अनेक डोमेनांचा प्रश्न अलीकडे सहकारी बँकांसमोरही आला. भारतीय रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन' या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले. या डोमेनची नोंदणी हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेमार्फत होते. बनावट संकेतस्थळांद्वारे होणारी फसवणूक रोखणे हा यामागील हेतू आहे. अशा स्थलांतरात जुने डोमेन तत्काळ सोडून दिल्यास ते दुसऱ्या कोणालाही नोंदवता येते आणि त्याचे वैध प्रमाणपत्रही मिळवता येते. म्हणून जुन्या नावाचा ताबा व त्याचे प्रमाणपत्र दोन्ही चालू ठेवणे हा स्थलांतराचाच भाग ठरतो.

उदाहरण : तीर्थक्षेत्राचे संकेतस्थळ

निवडीची पद्धत स्पष्ट करण्यासाठी पुढील काल्पनिक उदाहरण घेता येईल. नरसी नामदेव हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट असून पंजाबातील घुमान येथेही त्यांचे स्थान आहे. त्यामुळे अशा तीर्थक्षेत्रातील संस्थेकडे मराठी व पंजाबी अशा दोन्ही भाषांतील भाविक येणे स्वाभाविक आहे. समजा, तिच्याकडे 'इन'ने संपणारे मुख्य डोमेन, त्याचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' रूप, देणगीसाठी एक उपडोमेन, भक्तनिवासाच्या आरक्षणासाठी बाहेरच्या कंपनीने चालवलेले दुसरे उपडोमेन, 'नरसी' व 'नर्सी' अशा दोन लेखनांची दोन देवनागरी डोमेन, गुरुमुखी लिपीतील एक डोमेन आणि 'कॉम'ने संपणारे जुने डोमेन आहे.

एक वाइल्डकार्ड घेतल्यास ते केवळ 'इन' डोमेनच्या उपनामांना पुरेल. देवनागरी, गुरुमुखी व जुने डोमेन बाहेर राहतील. शिवाय आरक्षणाचे पान चालवणाऱ्या कंपनीला वाइल्डकार्डची किल्ली द्यावी लागेल, आणि त्याच किल्लीने देणगीच्या पानाची बतावणीही शक्य होईल. सर्व नावांचे एकच बहु-डोमेन प्रमाणपत्र घेतल्यास नावे पुरतील. किल्लीची अडचण तशीच राहील.

म्हणून येथे तीन प्रमाणपत्रे युक्त ठरतात. केवळ माहिती देणारी व एकाच सर्व्हरवर असलेली मुख्य, देवनागरी, गुरुमुखी आणि जुनी नावे एका बहु-डोमेन प्रमाणपत्रात ठेवावीत. देणगीच्या उपडोमेनाला स्वतंत्र किल्ली व स्वतंत्र प्रमाणपत्र असावे. आरक्षणाच्या उपडोमेनाचे प्रमाणपत्र संबंधित कंपनीने त्या एका नावापुरते घ्यावे. करार संपल्यावर संस्थेने त्याची डीएनएस नोंद काढून टाकावी. तिन्ही प्रमाणपत्रे विनामूल्य व स्वयंचलित नूतनीकरणाची असू शकतात. त्यामुळे संख्या वाढली तरी खर्च वाढेलच असे नाही. सर्व डोमेनांची नोंदणी व डीएनएसचा ताबा मात्र व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे असणे आवश्यक ठरते.

मर्यादा

प्रमाणपत्र हे नावाची ग्वाही देते, संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हेतूची नव्हे. तीर्थक्षेत्राच्या नावाशी मिळतेजुळते डोमेन घेऊन बनावट देणगीचे पान उभारणाऱ्यासही त्या डोमेनचे वैध प्रमाणपत्र मिळते. पत्त्याजवळील कुलपाच्या चिन्हाचा 'संकेतस्थळ विश्वासार्ह आहे' असा अर्थ लावला जात असल्यामुळे क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. संस्थेने आपली अधिकृत डोमेन जाहीर करणे, मिळत्याजुळत्या नावांच्या नव्या प्रमाणपत्रांसाठी पारदर्शकता नोंदवह्यांवर लक्ष ठेवणे आणि वाचकाने पत्ता पूर्ण वाचणे, या दक्षतांची जागा कोणत्याही प्रकारचे प्रमाणपत्र घेऊ शकत नाही.

हे सुद्धा पहा

डोमेन नाव प्रणाली
सार्वजनिक किल्ली कूटशास्त्र
युनिकोड
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
नरसी नामदेव